भिंत हलेपर्यंत

काकू फोनवर म्हणाली होती, "पाच मिनिटांचं काम आहे. कॉम्प्युटर फक्त बंद करायचा आहे." म्हणून शनिवारी सकाळी साडेनऊला मी काहीही न खाता काकाच्या घरी पोचले.

काका खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी झालं होतं. डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात व्हायचं होतं आणि तोपर्यंत त्या डोळ्याने काकाला माणसं दिसत, अक्षरं दिसत नसत. वाकू नका, शिंकू नका, चिडू नका, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी तो पाळत होता.

"आलात का, संशोधक बाई," तो म्हणाला. मी विद्यापीठात कॉम्प्युटरवर संशोधन करते. "तुझ्या काकूला विचार, वीजवाल्यांची चिठ्ठी कधी आली."

"गुरुवारी," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली. "फ्रिजवर लावली होती. डोळ्यासमोर."

"कोणाच्या डोळ्यासमोर?"

चिठ्ठीत लिहिलं होतं की गल्लीतली केबल बदलायची असल्याने शनिवारी दुपारी बारा ते चार वीज बंद राहील. काकूने ती आज सकाळी चहा देताना सहज वाचून दाखवली, तेव्हा काका एकदम उठून उभा राहिला होता. तेही त्याला मना होतं.

कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. खोली आठ फूट रुंद. एक लोखंडी कपाट, एक टेबल, एक स्टूल. समोरची भिंत शेजारच्या घराला सामायिक आहे आणि तिच्यावर छताच्या कोपऱ्यापासून बटणांच्या फळीपर्यंत एक भेग उतरलेली आहे. भेगेच्या कडेने काकाच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत. भेगेवर आडवे बसवलेले, काडेपेटीएवढे पाच डबे. प्रत्येक डब्यातून पोलादाची एक पिन बाहेर येते आणि भेगेच्या पलीकडच्या कडेला टेकते. भेग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी जरी उघडली किंवा मिटली, तरी डबा तारेतून कॉम्प्युटरला कळवतो. नाही हलली तर गप्प बसतो. सहावा डबा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, शेजाऱ्यांच्या दवाखान्यात आहे.

शेजारी दातांचे डॉक्टर आहेत. घरात त्यांना दातवाले म्हणतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी एक्स-रे मशीनसाठी तळघर खोदलं, आणि खोदकामाच्या तिसऱ्या आठवड्यात भेग दिसली. काका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं साहाय्यक होता. त्याने भेग पाहिली आणि आरडाओरडा करण्याऐवजी मोजमाप सुरू केलं. दातवाल्यांनी सुरुवातीला त्यांच्या बाजूला डबा बसवूही दिला. मग काकाने त्यांना चौदा मुद्द्यांचं पत्र पाठवलं. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. काकाची दाढ दुखते तेव्हा तो दोन बस बदलून लांबच्या डॉक्टरकडे जातो.

आता दातवाल्यांना तळघर आणखी पाच फूट खोल न्यायचं होतं. त्यांनी नगरपालिकेकडे अर्ज केला होता, काकाने हरकत घेतली होती, आणि सोमवारी तिथले साहेब दोघांचं ऐकून घेणार होते. काकाकडे दाखवायला एकच गोष्ट होती: भिंतीची चार वर्षांची नोंद.

"बंद कसा करायचा?" मी स्टुलावर बसत विचारलं.

काका माझ्यामागे उभा होता. "'स' दाब. स म्हणजे समाप्त."

मी दाबलं. पडद्यावर ओळ आली: समाप्ती सुरू. सहा जणांची वाट पाहत आहे.

पाच मिनिटांनीही तीच ओळ होती.

"याला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"माहीत नाही. मी कधी बंद केला नाही."

"चार वर्षांत?"

"बंद केला असता तर चार वर्षांची नोंद झाली असती का?"

हे तर्काला धरून होतं. मी दुसरा प्रश्न विचारला. नोंदीची फाइल कुठे आहे, म्हणजे मी आधी तिची प्रत घेते.

"फाइल बंद होताना लिहिली जाते," काका म्हणाला.

"आणि आत्ता वाचनं कुठे आहेत?"

"मेमरीत."

"फक्त?"

काकाने घसा साफ केला. या जुन्या कॉम्प्युटरला डिस्क नाही, एक मेमरी कार्ड आहे. सतत लिहून अशी दोन कार्डं त्याने आधी जाळली होती. म्हणून तिसऱ्या वेळी त्याने ठरवलं, सगळं मेमरीत साठवायचं आणि शेवटी एकदाच कार्डावर लिहायचं. काम महिन्याभराचं होतं. मग वाटलं, अजून एक महिना बघू.

काकू दारात हात पुसत उभी होती. "म्हणजे बाराला वीज गेली की काय होणार?"

"काही होणार नाही," मी म्हणाले. "म्हणजे काहीच राहणार नाही."

काकू काकाकडे बघत राहिली. काकाला ते बहुधा दिसलं.

"बॅटरीचा डबा आणू का कुठून?" तिने विचारलं.

"त्याला जोडायला आधी इथला प्लग काढावा लागेल," मी म्हणाले. मेमरी बाहेरून उपसून घेण्याचं एक साधन असतं. ते या कॉम्प्युटरवर नव्हतं, आणि टाकलं तर तो पुन्हा सुरू करावा लागला असता. पडद्याचा फोटो काढला तर प्रत्येक डब्याचं शेवटचं एक वाचन मिळत होतं. तो मी काढला. सहाव्या डब्याचं शेवटचं वाचन मागच्या ऑगस्टमधलं होतं. आता एप्रिल चालू होता.

काकाने प्रोग्रॅमचा कागदावरचा छाप कपाटातून काढून दिला. सत्तावीस पानं, टाचणी लावलेली. मी वाचायला बसले. प्रोग्रॅम स्वच्छ होता, हे सांगायला हवं. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामं शेजारी शेजारी चालवायची असतील तर प्रत्येक कामाचा एक थ्रेड करतात. काकाने प्रत्येक डब्यासाठी एक असे सहा थ्रेड केले होते आणि त्यांना तो पहारेकरी म्हणत असे. पहारेकऱ्याचं काम असं: आपल्या डब्याकडून निरोप येईपर्यंत झोपायचं. निरोप आला की उठून तो वहीत लिहायचा. वही सहा जणांत एकच, म्हणून लिहिताना तिला कुलूप लावायचं आणि लिहून झालं की काढायचं. मग बघायचं, समाप्तीची पाटी लागली आहे का. लागली असेल तर घरी जायचं, नसेल तर परत झोपायचं. आणि मुख्य थ्रेडने पाटी लावायची, सहाही जण घरी गेल्याची खात्री करायची, आणि मगच वही कार्डावर उतरवायची.

यात एकच अडचण होती. पाटी मी दहाच्या सुमारास लावली होती आणि सगळे पहारेकरी झोपले होते.

"त्यांना उठवायची सोय का नाही ठेवलीस?" मी विचारलं.

"कशाला? भिंत उठवेल."

"भिंत हलली तर."

"हलेल की. धीर धर."

"काका, सहा नंबर ऑगस्टमध्ये हलला होता."

"माहीत आहे. एकोणीस तारखेला."

"एकाएकाला मारून टाकता येत नाही का?" काकूने विचारलं. तिला संगणकातलं कळत नाही असं ती म्हणते, पण प्रश्न बरोबर होता.

"बाहेरून मारला तर अख्खा प्रोग्रॅम मरतो. एकटा थ्रेड मारता येत नाही. आणि आला असता तरी मारू नये. तो वहीला कुलूप लावून बसलेला असला तर किल्ली घेऊनच जाईल. मग बाकीचे जन्मभर दाराशी."

"आमच्या घरात कोणाचं काम मध्येच तोडत नाहीत," काका म्हणाला. तो अभिमानाने म्हणाला की खेदाने, ते पट्टीमुळे कळलं नाही.

उपाय साधा होता. डब्याची पिन बोटाने किंचित दाबायची. डब्याला वाटेल भेग हलली, तो निरोप पाठवेल, पहारेकरी उठेल, लिहील, पाटी बघेल आणि जाईल. मी पहिल्या डब्याकडे हात नेला.

"थांब!" काका ओरडला. "ते वाचन वहीत जाईल."

"जाईल. आधी लिहितो आणि मग पाटी बघतो, असं तूच केलं आहेस."

"म्हणजे खोटं वाचन. माझ्या वहीत."

"शेवटचं एकच. प्रत्येकाचं एक."

"एक काय नि शंभर काय. भिंत हलली नाही तर हलली असं लिहिणार नाही. सोमवारी साहेबांनी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, की शेवटचं वाचन बोटाचं आहे. कोणत्या डब्याचं, किती वाजता, कोणाचं बोट. मी कागदावर लिहून ठेवते. खोटं कधी होतं, आपण लपवलं तर."

काकाने यावर विचार केला. सव्वादहाला माझं पोट ओरडायला लागलं होतं, पण आता अकराला दहा मिनिटं होती आणि ते गप्प बसलं होतं. अखेर काका म्हणाला, "बोट काकूचं घे. तुझं जड आहे."

काकूने तोंडातल्या तोंडात मोजत एकेक पिन दाबली. मी वेळ लिहीत गेले. पडद्यावरचा आकडा उतरत गेला: पाच जणांची वाट, चार, तीन, दोन. अकरा वाजून तीन मिनिटांनी ओळ होती: एकाची वाट पाहत आहे.

सहाव्याची तार भिंतीतल्या भोकातून आमच्याकडे येऊन कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली होती. मी ती काढून पाहिली. काही झालं नाही. या जातीच्या तारेत निरोप न येणं आणि तारच नसणं यात पहारेकऱ्याला फरक कळत नाही. दोन्हीकडे त्याच्या लेखी शांतताच. मग मी पाचव्या डब्याची तार सहाव्याच्या जागी लावली आणि काकूला पाचवी पिन परत दाबायला सांगितलं. काहीच झालं नाही. मी छापातली एकोणीस ते एकवीस ही पानं वाचली. प्रत्येक डबा निरोपाबरोबर स्वतःचा क्रमांक पाठवत होता, आणि क्रमांक आपला नसेल तर पहारेकरी तो निरोप टाकून देऊन, पाटीकडे न बघता, परत झोपत होता.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"तारांची अदलाबदल झाली तर घोळ नको म्हणून," काका म्हणाला. "दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपण उघडतो का?"

मी सहावी तार परत जागेवर लावली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"म्हणजे आता तिकडे जाऊन दाबायला हवं," काकू म्हणाली.

"नको," काका म्हणाला.

"मग?"

"बघू."

"अहो, काय बघू? तुम्हाला दिसतंय का काही?" काकूने पायात चपला घातल्या. "चल गं. आणि तुम्ही फोन कानाला लावून बसा. कशाला हात लावू नका."

काकाला पडद्यावरची अक्षरं दिसत नव्हती, पण उजेड दिसत होता. प्रोग्रॅम संपला की पडदा काळा होणार होता. तेवढं त्याने सांगायचं ठरलं.

दवाखान्यात बाहेर चार खुर्च्या होत्या. एका बाईने गाल धरला होता. आमचा नंबर विचारायला ती तोंड उघडणार होती, पण तिने विचार बदलला. काकूने आतलं दार ढकललं. दातवाले मास्क लावून उभे होते. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून, तोंडात कापूस घेऊन पडले होते.

"वहिनी," दातवाले म्हणाले. चार वर्षांत आमच्या घराशी उच्चारलेला हा पहिला शब्द असल्याने तो थोडा घोगरा आला. "दाढ का?"

"भिंत," काकू म्हणाली.

दातवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी पुतणी," मी म्हणाले. "तुमच्या बाजूचा डबा एकदा दाबायचा आहे. अर्ध्या मिनिटाचं काम."

"ते डबडं? त्याच्यापुढे कपाट आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं, मग खुर्चीतल्या गृहस्थांना म्हणाले, "तुम्हाला सुन्न व्हायला दहा मिनिटं लागतील. हलू नका."

गृहस्थ म्हणाले, "आं."

कपाटाच्या चार फळ्यांवर दातांचे प्लास्टरचे साचे होते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. ते उतरवल्याशिवाय कपाट सरकत नव्हतं. आम्ही तिघांनी ते उतरवायला सुरुवात केली. जमीन भरल्यावर दातवाल्यांनी दोन साचे खुर्चीतल्या गृहस्थांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले. एकूण त्रेसष्ट साचे होते. अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी कपाट सरकलं.

मागे भेग होती. आमच्या बाजूपेक्षा बारीक, पण सरळ. मधोमध सहावा डबा, धुळीने पांढरा.

काकूने हात पुढे केला. दातवाले मध्ये उभे राहिले. अडवायला म्हणून नव्हे, ते भेगेकडे बघत होते.

"दाबलं की काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी वाटेत काहीतरी सौम्य उत्तर तयार केलं होतं. काकूने माझी वाट पाहिली नाही.

"दाबलं की आमची चार वर्षांची नोंद वाचते. नाही दाबलं तर बाराला वीज गेली की पुसली जाते. मग सोमवारी साहेबांपुढे ठेवायला आमच्याकडे काही नाही, आणि तुम्हाला खोदायला रान मोकळं."

फोन माझ्या हातात होता, आवाज मोठा केलेला. त्यातून काका म्हणाला, "अगं!"

"मग मी का दाबू द्यावं?" दातवाल्यांनी विचारलं. कुठली दाढ दुखते हे विचारावं, तितक्याच शांतपणे.

"ते तुमचं तुम्ही बघा," काकू म्हणाली. "मी खरं सांगितलं. गोड बोलून दाबून जायचं आणि नंतर तुम्हाला कळायचं, ते मला जमणार नाही."

दातवाल्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. मास्कशिवाय ते वयाने बरेच मोठे दिसत होते.

"किती हलली आहे भिंत?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "ती वाचनं उघडल्याशिवाय कळणार नाही."

"मला माहीत आहे," फोनमधून काका म्हणाला. "साधारण."

"भाऊसाहेब, साधारण मलाही माहीत आहे," दातवाले फोनकडे बघून म्हणाले. "दिवसभर या भिंतीला पाठ करून उभा असतो मी. भेग दिसू नये म्हणूनच कपाट इथे ठेवलं. आमचा इंजिनिअर म्हणतो, काळजीचं काही कारण नाही. तो हे सगळ्यांना म्हणतो." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "मीही म्हणतो."

खुर्चीतल्या गृहस्थांनी साचे घट्ट धरले.

"मी दाबतो," दातवाले म्हणाले. "पण एक अट. साहेबांच्या आधी ती नोंद मी बघणार. आजच. सगळी. सहाच्या सहा डब्यांची."

"कबूल," काकू म्हणाली.

"वहिनी, तुम्ही नाही. भाऊसाहेबांनी म्हणायला हवं."

सगळ्यांनी फोनकडे पाहिलं. अकरा अठ्ठेचाळीस. फोन कटला की काय म्हणून मी त्याचा पडदा बघितला. फोन चालू होता.

"अहो, ऐकताय ना?" काकू म्हणाली.

"ऐकतो आहे."

"मग हो म्हणा."

"म्हणतो. त्याआधी एक." काका थांबला. "दोन नंबरचा डबा बघताना टाकीची तारीख लक्षात घ्यावी लागेल."

"कुठली टाकी?" काकूने विचारलं.

"आपली. गच्चीवरची. अडीच वर्षांपूर्वी बसवली ती मोठी. पहिल्यांदा भरली त्या पंधरवड्यात दोन नंबर हलला होता. चांगलाच."

"अहो!" काकू म्हणाली. "आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"वहीत आहे. वहीत मी कधी खाडाखोड केली नाही. तोंडी कोणी विचारलं नव्हतं."

"मी विचारलं होतं. टाकी बसवताना मी विचारलं होतं, भिंतीला झेपेल का."

"तेव्हा माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी कळलं."

अकरा एकावन्न. दातवाल्यांच्या चेहऱ्यावर राग येईल अशी मी वाट पाहत होते. त्याऐवजी त्यांनी खांदे सैल सोडले. चार वर्षं ते एकटेच दोषी होते. आता त्यांना सोबत मिळाली होती.

"म्हणजे त्या वहीत तुमच्याविरुद्धही आहे," ते म्हणाले.

"वहीत भिंतीबद्दल आहे," काका म्हणाला. "वही पुसली गेली तर तुमचंही जाईल आणि माझंही. मला ते नको आहे." मग म्हणाला, "दाखवतो. सगळी. तुम्ही दाबा, डॉक्टर. हळू."

दातवाल्यांनी हातमोजा काढला, पुढे झाले आणि पिन दाबली.

एक क्षण काहीच नाही. मी मनात पहारेकऱ्याबरोबर चालत होते: उठला, क्रमांक बघितला, आपलाच आहे, कुलूप, लिहिलं, कुलूप काढलं, पाटी. मग मुख्य थ्रेड, मग कार्ड, चार वर्षांची वाचनं.

"अजून उजेड आहे," काका म्हणाला.

अकरा त्रेपन्न.

"अजून आहे. लुकलुकतंय काहीतरी."

"लिहितो आहे," मी म्हणाले. "हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावू?"

"आं," खुर्चीतले गृहस्थ म्हणाले. ते पूर्ण सुन्न झाले होते.

"काळा झाला," काका म्हणाला. "पडदा काळा झाला."

अकरा छप्पन्न झाले होते. काकू खाली, साच्यांच्या मध्ये, रिकाम्या जागेत बसली. दातवाल्यांनी नवा हातमोजा चढवला आणि गृहस्थांच्या मांडीवरचे साचे काढून घेतले. मी धावत घरी आले, कार्ड बाहेर काढलं आणि ते माझ्या लॅपटॉपमध्ये घालेपर्यंत बाराच्या ठोक्याला वीज गेली. आमच्या आठवणीत वीजवाले पहिल्यांदाच वेळेवर आले होते.

फाइल होती. मी शेवटची ओळ तपासली, मग पहिली, मग मधल्या काही. काका खाटेवर आडवा झाला आणि काकूने त्याच्याशी अर्धा तास काही न बोलता मला पोळी-भाजी वाढली. त्या अर्ध्या तासात मी प्रोग्रॅम सुधारला. पहारेकरी आता दर मिनिटाला स्वतःहून जागा होईल, पाटी बघेल, आणि नसेल तर परत झोपेल. वही रोज एकदा कार्डावर उतरेल. काकाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "दिवसाला चौदाशे चाळीस वेळा उगाच उठायचं." पण नको म्हणाला नाही.

दातवाले पावणेदोनला आले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि काकूने पुढे केलेल्या खुर्चीवर बसले. काका खाटेवर उठून बसला. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. नंतर दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सहाही डब्यांचे आलेख कागदावर काढले होते, कारण छापायला वीज नव्हती. पहिल्या चौदा महिन्यांत भेग सगळीकडे हळूहळू उघडत गेली होती. सहा नंबरला एकूण शून्य पूर्णांक ब्याऐंशी मिलिमीटर. दातवाल्यांनी खोदकामाच्या तारखा सांगितल्या, त्या मी खाली लिहिल्या. त्या बसत होत्या. नंतर रेषा आडवी झाली होती. दोन नंबरला मध्येच एक पायरी होती, शून्य पूर्णांक एकतीसची, आणि तिच्याखाली काकूने स्वतःच्या हाताने टाकीची तारीख लिहिली.

दातवाल्यांनी कागद जवळ ओढला.

"म्हणजे थांबली आहे."

"तीन वर्षांपूर्वी थांबली," काका म्हणाला. "टाकी सोडून."

"आणि मी अजून पाच फूट गेलो तर?"

"ते या वहीत नाही. वहीत झालेलं असतं. पण पहिल्या सहा फुटांना भिंतीने काय केलं ते समोर आहे."

"टाकी उद्या उतरेल," काकू म्हणाली. हे सांगणं कोणासाठी आहे ते तिने स्पष्ट केलं नाही.

दातवाल्यांनी मान हलवली. मग म्हणाले, सोमवारी ते अर्ज मागे घेणार नाहीत, पण टाकी उतरवल्यावर सहा महिने मोजून होईपर्यंत निर्णय पुढे ढकला, असं साहेबांना सांगतील, आणि हे कागद दोघांनी मिळून द्यावेत. काका म्हणाला, सहा नव्हे, बारा, म्हणजे उन्हाळा-पावसाळा दोन्ही येतील. दातवाले म्हणाले, नऊ. मी नऊ लिहिलं.

जाण्यापूर्वी त्यांनी सहा नंबरचा कागद परत उचलला आणि उजव्या कडेला बोट ठेवलं. तिथे रेषा सरळ वर, कागदाबाहेर जायला निघाल्यासारखी उडाली होती.

"हे काय आहे?" त्यांचा आवाज बदलला होता. "दोन पूर्णांक एक मिलिमीटर? एका झटक्यात? हे कधी झालं?"

"आज अकरा बावन्नला," मी म्हणाले. "ते तुम्ही आहात."

"हळू म्हणालो होतो," काका म्हणाला.

त्याने मला कागद घ्यायला सांगितलं आणि मजकूर सांगितला: एक ते पाच क्रमांकांची शेवटची वाचनं भिंतीची नसून काकूच्या बोटाची आहेत, आणि सहा क्रमांकाचं शेवटचं वाचन शेजारच्या डॉक्टरांच्या बोटाचं आहे. ती विचारात घेऊ नयेत. दातवाल्यांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडून पेन घेतलं, 'बोटाचं' या शब्दाच्या आधी 'उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या' असं बारीक अक्षरात घातलं, आणि खाली सही केली.